इंदुताईंची काळपट पिल्ले

इंदुताईंची माझी पहिली भेट अमेरिकेतल्या नोव्हाय गावी, त्यांच्या घराच्या तळघरात झाली. मराठी मंडळाच्या खुर्च्या आणायला मी गेले होते. खुर्च्यांच्या मागे काचेच्या पेट्या होत्या. पेट्यांत बोआ जातीचे साप. "घाबरू नकोस, जेवलेत सगळे," ताई म्हणाल्या.

मोटारींच्या कारखान्यात, रंगविभागात इंजिनिअर म्हणून त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर त्या पांढऱ्या-केशरी बोआंकडे वळल्या. यांच्या कातडीत काळे रंगद्रव्य नसते. त्यासाठी आई आणि बाप, दोघांकडून तेच बिघडलेले जनुक यावे लागते. एकाकडूनच आले तर पिल्लू नेहमीसारखे काळपट दिसते.

अशा बोआंची दोन घराणी आहेत आणि त्यांची बिघडलेली जनुके वेगळी आहेत, असे ताईंचे म्हणणे होते. हौशी मंडळी दोन्ही एकच समजत. ताईंनी आपल्या पांढऱ्या मादीसाठी दुसऱ्या घराण्याचा पांढरा नर मागून आणला. तो निखिलचा. निखिल मूळचा पुण्याचा, इथे आयटीत, या छंदात ताईंचा शिष्य.

पिल्ले झाली. एकजात काळपट. दोन्ही घराण्यांचे जनुक एकच असते, तर सगळी पांढरी झाली असती.

"काकू, तुमच्या मादीचं आधीचं काहीतरी लफडं असणार," निखिल म्हणाला. शंका निराधार नव्हती. बोआची मादी शुक्रजंतू दीर्घकाळ साठवू शकते. पण हेच तो साप पाळणाऱ्यांच्या मेळ्यातही बोलला. ताईंच्या वंशावळी भरवशाच्या नाहीत, असे लोक म्हणू लागले. वंशावळीवर विश्वास नसेल तर या कामाला काहीच किंमत उरत नाही.

मी चिडले. ताई चिडल्या नाहीत. त्या वेतातला एक काळपट नर त्यांनी वाढवला आणि निखिलला देऊन टाकला.

"तुझ्याकडे तुझ्या नराच्याच घराण्याची, एकटी वाढलेली पांढरी मादी आहे ना? तिच्याजवळ सोड. तुझ्या घरात, तुझ्या कुलपात. हा तुझ्या नराचा नसेल, तर एकही पिल्लू पांढरं होणार नाही."

"आणि झालं तर?"

"तर मेळ्यात जाऊन सांग. तेवढ्याच मोठ्यांदा."

ताईंची कामाची रीत ही अशी. पुरावा संशय घेणाऱ्याच्याच घरी जन्मला पाहिजे.

तो जन्मला. निखिलने व्हिडिओ कॉल केला. पेटीत काही पिल्ले काळपट होती, काही स्वच्छ पांढरी.

"काकू, माझ्याच नराची नातवंडं ही. हरलो, यार."

"हरला कसला? माझ्या घरचं वेत कुणी मानलं नसतं. मादीला पाणी दे आधी."

पुढच्या मेळ्यात निखिल बोलला. आज सगळे ही दोन घराणी वेगळी ठेवतात.

पंचाहत्तरीत ताईंनी दोन्ही बिघाड एकाच सापात, आई आणि बाप दोघांकडूनही, आणायचे ठरवले आहे. माद्या मोठ्या व्हायला बरीच वर्षे लागतील. ताईंनी नव्या पेट्या आणल्या आहेत. तेवढी सगळी वर्षे, आणि त्यापुढचीही, त्यांना निरोगी लाभोत. ते वेत जन्मेल तेव्हा पेटीचे झाकण त्यांच्याच हातांनी उघडावे.