जैबुन आपाचं तेल, शनवार सोडून

फोन नातीच्या हातात होता. मी आंगनात तूर पाखडून राह्यली होती. पूनम, म्हनजे माझी नात, सुपापाशी येऊन उभी राह्यली. मी म्हटलं, "काय झालं वं? दूध फाटल्यावानी तोंड काहून केलं?" तं तिनं फोनच माझ्या कानाले लावला. तिकडून इरफान होता, सौंसरहून. आमच्या शेजारच्या जैबुन आपाचा पोरगा. "काकू... अम्मी गेली," एवढंच म्हटलं त्यानं.  मी इचारलं, "तरास झाला का रे?" तो म्हने, "नाही. नमाजीले उठली, हातपाय धुऊन वजू केला अन् भिताडाले टेकून बसली... तशीच." मी फोन पूनमले देल्ला. उरलेली तूर पाखडून घेतली, अर्धं सूप तसंच टाकून मले उठता येत नाही. मंग आत गेली. आमचे हे खाटेवर बसून होते. मी म्हटलं, "जैबुन आपा गेली." ते आपल्या उजव्या हाताकडं पाहात राह्यले. 

त्या हाताचीच ही गोष्ट आहे. मी शाळेत जास्त गेली नाही, सही येते तेवढी. म्हनून मी बोलून राह्यली अन् पूनम लिहून राह्यली. तिले सांगितलं, मी बोलते तसंच लिही, सुधरवू नको.

पांढुर्ण्यात नदीच्या आंगानं आमची दोघींची घरं लागून. मधात एक भिताड, तेबी कमरेएवढंच. आपाचा नवरा हकीम होता. लोक त्याले हकीमसाहेब म्हनाचे, आपाबी हकीमसाहेबच म्हनाची. त्याच्या फळीवर शिश्याच शिश्या. मध, रेशमाचा कोसा, मोत्याचा भुगा, खेकड्याची राख, काहीकाही जनावरांच्या चरब्या... मले पाह्यले तं पाली-इचवाचं घर वाटे. हकीमसाहेब लवकर गेला. त्याच्या मागं आपानं सारं बंद केलं, एक तेल ठेवलं फकत. अंड्याचं तेल. उकडलेल्या अंड्याचं पिवळं काढाचं, लोखंडी कढईत मंद जाळावर हालवत राहाचं. पह्यले ते लाल होते, मंग काळं होते, मंग वाटते का जळून गेलं सारं, टाकून द्या. तवाच त्याले तेल सुटते. फडक्यातून पिळलं का थोडुसंच निंगे. वास असा का केस जळल्यावानी. तिनं कढई ठेवली का मी भिताडावरून ओरडाची, "आपा, आज कोनाचं मढं जाळून राह्यली वं?" तिकडून ती, "तुझ्या नवऱ्याच्या टकलावर लावाले केलं, पाठव त्याले!" आमच्या यांचे केस तवाच उडाले होते.

आमचे हे संत्र्याची कलमं बांधाचे. झाडाचा डोळा काढाचा, दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवाचा, वरून पट्टी गुंडाळाची. सारं काम बोटांचं. सौंसरपर्यंत कितीक बगीच्यांत त्यांच्या हातची झाडं उभी आहेत. अन् मानूस असा का दर शनवारी जामसावळीले हनुमंतापाशी जानार. अंडं-मटन तं सोडाच, अंड्याचं टरफल रस्त्यात दिसलं तरी बाजूनं चालनार. एक दिवस बगीच्यात कलम बांधता बांधता हातातून चाकू पडला. उचलाले गेले तं हात आलाच नाही. तोंड वाकडं झालं. मालकाच्या गाडीत नागपूरले नेलं. लकवा. जीव वाचला, तोंड सुधरलं, पाय चालू लागला. हात मात्र लटकून राह्यला. डागदरनं गोळ्या देल्ल्या, एक रबराचा गोळा देल्ला, म्हने, "हा दाबत राहा, हाताले काम द्या." घरी आल्यावर यांनी गोळा खाटेखाली लोटून देल्ला. "मी काय लेकरू आहो?"

घरात सासू आंधळी, पोरगा शाळेत. मी कापूस येचाले जाऊ लागली, संत्र्याच्या टायमाले पेट्या भराले. रडाले टाइम नव्हता. कामाहून आली का पह्यले त्यांचा हात पाहाची. बोट हाललं का आज... नाही. कलम बांधनारा मानूस होता तो. हात गेला म्हनजे बाकी काय राह्यलं त्याच्यापाशी?

मंग एक दिवस माझा देर, म्हनजे यांचा भाऊ, टोपलीत कबुतर घेऊन आला. वरून फडकं बांधलेलं. म्हने, "वहिनी, याचं गरम रक्त हाताले लावलं का नस जागते. कितीक लोकं बरे झाले. पन थंडं झाल्यावर फायदा नाही, कापलं का लगेच लावा लागते." मी म्हटलं, "आपल्या घरी कापाचं? यांच्या समोर?" तो म्हने, "बाजूले आपा आहे ना. हकीमाचं घर आहे, त्याहीच्यात चालते." मलेबी तसंच वाटलं. आमच्याइकडं साऱ्यायले तसंच वाटते. मी टोपली घेतली अन् भिताडापाशी गेली. म्हटलं, "आपा, तुझ्या पाया पडते, एवढं कापून दे. मी वाटी आनली आहे."

आपानं फडकं सोडून पाह्यलं. मंग माझ्याकडं पाह्यलं. तेवढी गुस्सा झालेली मी तिले कधी पाह्यली नव्हती. "तुझा देव तुझ्या घरी कापू देत नाही, अन् माझा अल्ला माझ्या घरी कापू देते, हे कोनं सांगितलं तुले?"

मी म्हटलं, "तुमच्या इलाजात आहे म्हनते माझा देर."

"आहे. हकीमसाहेबाच्या जुन्या किताबात लिहिलेलं आहे, मी नाही म्हनत नाही. पन वाहतं रक्त आमच्यात हराम आहे, सुमन. नापाक. आंगाले लागलं तं नमाज होत नाही, धुवा लागते. त्याले मी दवा म्हनू?"

"जीवावर आलं तं चालत असन ना?"

"त्याच्यावरच तं सारे भांडतात! एक मौलाना म्हनते, मजबुरी असन, दुसरी दवा नसन, तं चालते. दुसरा म्हनते, हराममदी शिफाच नाही, म्हनजे गुन येतच नाही. हकीमसाहेब दोघायलेबी एकच इचारे... म्हने, हे दवा आहे हे पह्यले साबित करा, मंग हराम-हलालचं पाहू." मंग ती खाली बसली. आवाज हळू झाला तिचा. "माझ्या धाकट्या बहिनीले टीबी होता. हकीमसाहेबानं खेकडा जाळला, राख बकरीच्या दुधात पाजली. खेकडा आमच्यात खातच नाहीत बहुतेक, तरी दवा म्हनून पाजला. किताबात होतं. दवाखान्याच्या गोळ्या डब्यात पडून राह्यल्या. बहीन गेली माझी. तवापासून त्या मानसानं खेकडा जाळला नाही अन् कोनाले दवाखान्यातून परत बलावलं नाही." तिनं माझ्या हातातली वाटी घेऊन पालथी मारली. "नागपूरच्या गोळ्या चालू आहेत ना? त्या बंद करशीन तं मी तुझ्याशी बोलनार नाही. अन् हे पाखरू इथंच ठेव. वापस नेलं तं तुझा देर दुसऱ्याकडून कापून आनन."

देर चिडला. "भावाचा हात गेला तं त्या बाईमुळं," असं साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरला. मी आपली कामाले जात राह्यली. पन मनात भेव होतंच... का खरंच जागली असती नस, तं?

दुसऱ्या दिवशी आपा तेलाची शिशी घेऊन आली. मी म्हटलं, "यायले सांगू नको कशाचं आहे ते. तिळाचं म्हन." तं ती म्हने, "फसवून लावलं तं मले झोप लागन का?" सरळ खाटेपाशी गेली. "भाऊ, हे अंड्याचं तेल आहे. यानं हात बरा होईन असं मी म्हनत नाही. सांधे नरम राह्यतीन, आखडनार नाहीत. लावू का?"

यांनी तोंड फिरवलं. "अंड्याचं मले चालत नाही."

"खायाचं नाही, वरून लावाचं आहे. पोटात नाही जात."

"चमडीतून आत जाते का नाही?"

"जाते ना."

"आत जाते तं मले चालत नाही. आत जात नसन तं कामाचं नाही. कोनतं खरं आहे, तूच सांग आपा."

आपा असी हासली, असी हासली का माझी आंधळी सासूबी तिकडून हासू लागली. "या मानसाले मौलानायच्या समोर उभा करा लागते!" लकवा झाल्यापासून त्या घरात पह्यल्यांदा कोनी हासलं असन. मंग दोघांचं भावताव झालं. शेवटी यांनी म्हटलं, "ठीक आहे. शनवार सोडून. शनवारी हात धुतलेला पाह्यजे." तवापासून आपा रोज याची, खाटेपाशी पाटावर बसाची, यांचा हात मांडीवर घ्याची अन् बोट-बोट चोळाची. शनवारी याची नाही. एखाद्या टायमाले मीच शनवार इसरून जाओ, पन ती इसरली नाही.

कबुतराले तिनं संत्र्याच्या रिकाम्या पेटीत ठेवलं. पेटी मधातल्या भिताडावर खिळे मारून बसवली. अन् मंग एक दिवस चोळता चोळता म्हने, "भाऊ, तुमच्यामुळं हे पाखरू माझ्या गळ्यात पडलं. मी नाही चारत त्याले. तुमच्यासाठी आनलं होतं, तुम्हीच चारा. अन् उजव्या हातानं. डाव्यानं चारलं तं मी उडवून देईन." यांच्या हातात ज्वारी ठेवली. मूठ मिटेच ना, सारे दाने खाली पडले. कबुतर खाटेपाशी येऊन टिपू लागलं. दुसऱ्या दिवशी तसंच. मी कामाले जाताना पाहाची तं हे खाली वाकून पडलेला दाना उचलून राह्यले, घाम येऊन राह्यला, शिव्या देऊन राह्यले. रबराचा गोळा नाही दाबला, पन पाखरू उपाशी राहीन म्हनून बोटं हालवली. पावसाळा गेला, हिवाळा आला... एक दिवस मी पेटी भरून घरी आली तं मले म्हनते, "इकडं पाह्य." मूठ मिटली. अर्धीच मिटली, पन मिटली. अन् दाने फेकले त्यांनी, भिताडापर्यंत. मी आत जाऊन चुलीत फुंकत बसली. धुराचं निमित्त.

कलम पुन्हा बांधता आलं नाही. तेवढा हात आला नाही. आता पोरायले सांगतात, डोळा असा काढा, तसा बसवा. मी कितीक वर्षं पेट्या भरल्या. देर अजूनही म्हनते, रक्त लावलं असतं तं पूर्रा बरा झाला असता. म्हनू दे. गोळ्यांनी आला, का तेलानं, का ज्वारीनं... मले सांगता येत नाही.

इरफान पुढं शिकून युनानीचा डागदर झाला, सौंसरले दवाखाना टाकला. तो घरी आला का मायलेकाचं भांडन आयकाले मी मुद्दाम भिताडापाशी भांडे घासाची. तो म्हनाचा, "अम्मी, मध ठीक आहे, जखमेले आजबी लावतात. कस्तुरीसाठी हरन मारनं गुन्हा आहे. बाकीचं तपासल्याशिवाय मी कोनाले देनार नाही. अन् तुझ्या तेलानं नस जागत नाही." आपा म्हनाची, "मी कधी म्हटलं जागते म्हनून? तुमच्या कॉलेजात मानसाचा हात हातात घेऊन बसाचं शिकवतात का?" तो म्हने, "त्याले फिजिओथेरपी म्हनतात." आपा म्हने, "मंग ते मी करते. तू बिल फाड." दोघंबी हासाचे. पन तिनं त्याचं आयकलंबी. मरनाच्या आधी कितीक वर्षं बाहेरच्या कोनाले तेल देल्लं नाही तिनं. यांनाच फकत. गुडघे गेल्यावर इरफान तिले सौंसरले घेऊन गेला, तवाबी तिथून शिशी भरून पाठवाची.

ती गेल्यावर काही हप्त्यांनी इरफान पांढुर्ण्याचं घर साफ कराले आला. फळीवरच्या जुन्या शिश्या साऱ्या पोत्यात टाकल्या. मंग एक छोटी शिशी घेऊन आमच्या घरी आला. आपानं यांच्यासाठी भरून ठेवलेली शेवटची. बूच काढलं तं साऱ्या घरात तोच जळक्या केसांचा वास... मी पदर नाकाले लावला, नाकाले नाही, डोळ्यायले. इरफान खाटेपाशी पाटावर बसला, आपा बसाची तसाच. म्हने, "काका, आना हात."

यांनी हात मागं घेतला. "आज शनवार आहे बापू."

इरफानचा चेहरा कसातरीच झाला. बूच लावलं त्यानं. "अम्मीले माहीत राहात होतं," म्हने. मी चहा ठेवला. जाता जाता त्याची नजर भिताडावरच्या पेटीकडं गेली. पेटी आता सडली आहे, एक फळी लोंबते, पन त्या कबुतराच्या पिढ्या तिथंच राह्यतात. मले वाटलं आता पेटी काढू का म्हनन. तसं म्हटलं नाही त्यानं. खिशातून रुमाल काढून नाक पुसलं अन् गाडी चालू केली.

दुसऱ्या दिवशी ऐतवार. मले वाटलं नव्हतं येईन. पन आला, दवाखाना बंद करून, सौंसरहून. पाटावर बसला, यांचा हात मांडीवर घेतला, बोट-बोट चोळू लागला. आपल्या मायवानीच, अंगठ्यापासून सुरू करून. थोड्या वेळानं म्हनते, "काका, यानं नस नाही जागत. सांगून ठेवतो."

"माहीत आहे मले," हे म्हने. "चोळ तू."