नरकातल्या पाद्र्यांचे केस

जेलिंदा ब्रोजीचे वडील छापण्यासाठी लाकडी ठोकळ्यांवर चित्रं कोरत. त्यांची नजर गेली आणि हत्यारं तिच्या हाती आली. लग्नाचं कुणी विचारलं तर ती म्हणे, "नवरा सांभाळू की हात?" फ्लॉरेन्समध्ये नदीपल्याड लांदुच्चींच्या छापखान्यात खिडकीजवळचा बाक तिचा. माणसांचे चेहरे कोरायचे तर तिनेच, असा तिथला रिवाज.

त्या वर्षी मालकांनी नरकाचं काव्य सचित्र काढायला घेतलं. काव्य याच शहरातल्या जुन्या कवीचं. नदीवर धुणं धुणाऱ्या बायकासुद्धा भांडताना त्यातल्या ओळी एकमेकींच्या तोंडावर फेकतात. जेलिंदापुढे ठोकळ्यावर रेखलेलं, अर्धवट कोरून झालेलं लोभी लोकांचं चित्र होतं. छाती लावून अवजड धोंडे ढकलणारे ते पापी, आणि पुढच्या रांगेत डोकं मधोमध भादरलेले पाद्री.

मालक जवळ येऊन हळूच म्हणाले, "जेलिंदाबाई, यांना जरा केस ठेवा."

"कुणाला?"

"या टकल्यांना. बिशपसाहेब आपल्या शाळांसाठी गठ्ठ्याने प्रती घेणार आहेत."

"केस ठेवले तर पाद्री ओळखू कसे येतील?"

"यायलाच नकोत."

"कवीने त्यांना आत टाकलंय, मालक. मी कोण जामीन राहणारी?"

"कवी कधीच मेला. पगार मी देतो."

या कामात राखलेलं लाकूड काळं उमटतं, कोरलेलं पांढरं. केस हवेत तर माथ्यावरचं लाकूड तसंच ठेवायला हवं. जेलिंदाने रुंद पात्याचं हत्यार उचललं आणि पहिल्या पाद्र्याचा माथा खरवडून काढला. मग शेजारच्याचा. मालकांनी तिचं मनगट धरलं तोवर सगळी रांग तुळतुळीत झाली होती. कोरलेलं लाकूड परत येत नाही, आणि ठिगळ लावलं तर छापात रेघ दिसते. दोघांनाही ते पक्कं ठाऊक होतं.

"माझं गिऱ्हाईक घालवलंस तू."

"गिऱ्हाईक गेलं असेल. चित्र शाबूत आहे."

"उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येणार," जेलिंदा म्हणाली. "पण हा कडेचा धोंडेवाला अर्धा राहिलाय. दुसऱ्या कुणाच्या हाताने बिघडेल. तो पुरा करून जाते. उजेडातून जरा बाजूला व्हा."

मालक बाजूला झाले.