रेक्झिनचे पंख

बॅग उघडल्यावर तोमोए इसोगाईला आधी वाटलं, घडी नीट बसलेली नाही. म्हणून तिने पंखाचा काठ चिमटीत धरून हलकेच ओढला. जखमेवरची पट्टी निघावी तसा आवाज झाला आणि मोरपिशी रंगाचा वीतभर पट्टा एका पंखावरून सुटून दुसऱ्यावर जाऊन बसला. तिने हात मागे घेतला.

"काय झालं?" मिझुहोने आरशातूनच विचारलं. तिच्या एका डोळ्याला खोट्या पापण्या लावून झाल्या होत्या, दुसरा अजून उघडा होता.

"चिकटलंय."

"काय चिकटलंय?"

"सगळं."

नागोयातल्या एका सभागृहाच्या तळघरात बायकांची कपडे बदलायची खोली होती. ऑगस्टमधला रविवार. व्हिडिओ खेळांतल्या आणि चित्रकथांतल्या पात्रांचे हुबेहूब वेश करणाऱ्यांची, म्हणजे कॉस्प्लेची, ही जोड्यांची स्पर्धा होती. जेवणानंतर परीक्षक प्रत्येक वेश हातात घेऊन, उलटापालटा करून तपासणार होते. त्यातून उतरलेल्या जोड्या संध्याकाळी रंगमंचावर जाणार होत्या. जोडीतल्या एकीचा वेश बाद झाला, तर दोघींनी घरी जायचं.

तोमोए पन्नाशी ओलांडलेली आहे. अंजोमध्ये गाड्यांची आसनं शिवणाऱ्या एका कारखान्यात ती शाळा संपल्यापासून काम करते. रेक्झिन शिवणं कापड शिवण्यासारखं नसतं. कापडात सुई चुकली तर टीप उसवता येते, भोक बुजतं. रेक्झिनमध्ये पडलेलं भोक कायमचं राहतं. त्यामुळे तिथे टाचण्या वापरत नाहीत, कच्चे टाके घालत नाहीत. तुकडे चिमट्यांनी धरायचे आणि एकदाच, न थांबता टीप मारायची. आधी करून बघू, मग ठरवू, ही सवय त्या कारखान्यात कुणालाच लागत नाही. नव्या मुलींना तोमोए एवढंच सांगते, "विचार काय करायचा तो आधी कर. मशिनवर बसल्यावर करू नकोस."

वेश शिवायला सुरुवात झाली ती शेजारणीच्या मुलीमुळे. तिला एका योद्ध्याचं चिलखत हवं होतं आणि कापडाचं चिलखत उशीसारखं दिसत होतं. तोमोएने ते रेक्झिनमध्ये शिवून दिलं. मग त्या मुलीच्या मैत्रिणी आल्या, त्यांच्या मैत्रिणी आल्या. जिन्याखालच्या छोट्या खोलीत शेपट्या, शिंगं, खांद्यांचे पत्रे लटकू लागले. तिचा नवरा नोरियुकी मालाचा ट्रक चालवतो. तो म्हणायचा, "आपल्या घरात राक्षस जास्त राहतात, माणसं कमी."

शिवणारीचं नाव कुणी घेत नाही, अशीच त्या व्यवहाराची रीत होती. तोमोएलाही त्याचं काही वाटत नव्हतं. मग एकदा तिने शिवलेलं चिलखत रंगमंचावर आलं आणि पाहायला म्हणून ती तिकीट काढून गेली. मुलीला बक्षीस मिळालं. निवेदकाने विचारलं, हे सगळं कुणी केलं? मुलगी म्हणाली, "सगळं मीच. बोटं सोलून निघाली हो!" तोमोएने इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या.

"मग तिथेच ओरडायचंस ना," नोरियुकी घरी म्हणाला.

"काय ओरडू? बोटं माझी सोलली म्हणून?"

मिझुहो कुवाबारा आली ती त्यानंतर. ओकाझाकीला एका दंतवैद्याकडे ती रुग्णांचे दात साफ करते. तिने कुणाकडून तरी एक जुना वेश विकत घेतला होता. त्याची आतली शिवण पाहून ती शोध घेत घेत तोमोएच्या दारात येऊन उभी राहिली.

"ही दुहेरी टीप तुमचीच ना? मी चार जणींचे वेश उलटून पाहिलेत. चौघीही म्हणतात, मीच शिवला. चौघींचा हात एकच कसा?"

जोडीने उतरायचं हे तिनेच सुचवलं. या स्पर्धेत वेश घालणाऱ्यांनीच तो बनवलेला असावा लागतो. जोडी रंगमंचावर येण्याआधी बनवणाऱ्यांची नावं मोठ्याने वाचली जातात. तोमोए हिवाळाभर नाही म्हणत राहिली. "या वयात मी पिसं लावून नाचू?" शेवटी तिने नाव दिलं ते त्या वाचनासाठी. ज्यांना शिवण उलटून पाहायची सवय आहे, अशा माणसांसमोर आपलं नाव एकदा घेतलं जावं, एवढीच तिची इच्छा होती. तिने ती मिझुहोला सांगितली होती, नवऱ्याला नाही.

त्यांनी निवडलेल्या खेळात दोन पाणकावळे बहिणी आहेत. मासे धरून आणण्यासाठी मासेमाराने गळ्यात बांधलेल्या दोरीतून सुटून त्या लढाईला निघतात. दोघींच्या खांद्यांवरून घोट्यांपर्यंत काळे, हिरवट चमकणारे पंख.

"सॅटिन घेऊ या का?" मिझुहोने विचारलं होतं. "रंग पटकन धरतं."

"सॅटिन नुसतं चमकतं. पाणकावळा ओला दिसला पाहिजे."

"पण रेक्झिनवर रंग टिकेल?"

"रेक्झिनचं तू मला सांगू नकोस."

तोमोएने पंख कापले, ओळीओळीने पिसं शिवली, डब्यातला लॅकर, म्हणजे चकचकीत रोगण, फवारला आणि त्यावर ब्रशने एकेक पीस रंगवलं. बाटलीहिरवा, मोरपिशी, कडेला तांबूस. दोन्ही जोड पंख जिन्याखाली टांगून ठेवले. रोज कामावरून आल्यावर ती बोट लावून पाहायची. कोरडे होते. घडी घालून तिने एकदाही पाहिलं नाही. आसनं कुणी घडी घालून पाठवत नाही, त्यामुळे तो विचार तिच्या डोक्यात आलाच नाही. पण कॉस्प्लेच्या लोकांमध्ये वेश घालून रस्त्याने यायचं नसतं. साध्या कपड्यांत, चाकांची बॅग ओढत यायचं आणि ठिकाणावर पोचून बदलायचं, हे कुणीही मोडत नाही. म्हणून पंखांची घडी झाली. मिझुहोचे वर, तोमोएचे तळाला, आणि सगळ्यांच्या वर बूट आणि चोचीचे मुखवटे. बॅग आगगाडीतून उतरेपर्यंत आतून तापली होती.

दोघींनी मिळून पंख सोडवले. मिझुहोचे जवळजवळ सुखरूप निघाले. तोमोएच्या पंखांवर मात्र काही ठिकाणी रंग दुप्पट जाड झाला होता आणि काही ठिकाणी नुसतं काळं रेक्झिन उघडं पडलं होतं. जिथे रंग होता तिथे हात लावला की बोटाचा ठसा उमटत होता.

"पाणकावळाच आहे," मिझुहो म्हणाली. "वाळायला वेळ लागणारच."

"हसू नकोस."

"मग रडू का? एकाच डोळ्याला पापण्या लागल्यात. रडले तर त्याही जातील." ती उठली. "मी बाहेरून रंग घेऊन येते."

"आणून लावशील कुठे? ते वाच."

भिंतीवर फलक होता: या खोलीत रंग, गोंद आणि फवारे वापरण्यास सक्त मनाई.

"संडासात लावू."

"संडासातून वास येत नाही वाटतं? बाटली उघडली की दोघींना बाहेर काढतील."

मिझुहो पंखाशी खाली बसली आणि उघड्या पडलेल्या जागेच्या कडेवरून तिने बोट फिरवलं. त्याच बोटाने ती मघाशी पापण्यांवर हिरवी पूड लावत होती. बोट उचललं तेव्हा पूड रंगावरच राहिली होती. घासली तरी निघत नव्हती.

तोमोएने ते पाहिलं. "ती डबी दे."

"कुठली?"

"हिरवी. डोळ्यांची."

"इसोगाईसान, नवी आहे हो ती."

"दे म्हणते ना."

तिने पूड बोटाने दाबून, एकेका पिसावरून लावायला सुरुवात केली. चिकट रंगाने ती धरून ठेवली. चमक थोडी मेली, पण ठसे उमटणं थांबलं. शेजारी कोल्हिणीच्या वेशात एक बाई केस बसवत होती. तिने काही न विचारता निळी डबी पुढे सरकवली. "ब्रश मात्र माझा वापरू नका," एवढंच म्हणाली.

पिवळा अंगरखा घातलेली स्वयंसेविका येऊन उभी राहिली. "काय चाललंय?"

"मेकअप," मिझुहो म्हणाली.

"पंखांना?"

"पक्ष्याला नाक-डोळ्यांपेक्षा पंखच जास्त असतात."

स्वयंसेविकेने फलक वाचला. तो पुन्हा वाचला. मेकअपबद्दल त्यावर काही नव्हतं. "जमिनीवर सांडलं तर पुसून घ्या," असं म्हणून ती गेली. तोमोएची मान वर झाली नव्हती. ती वरच्या ओळी करत होती. खालच्या ओळी मिझुहोने हाती घेतल्या आणि घाईघाईत उघड्या रेक्झिनवरही पूड चोळली. तिथे ती धरायला काही नव्हतं.

परीक्षक त्सुकुदा या नाटकांचे कपडे करण्यात हयात घालवलेल्या बाई. पांढरे हातमोजे घालून त्या एकेका जोडीला आत बोलवत होत्या. मिझुहोचा पंख त्यांनी उलटला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ही शिवण कुणाची?"

"माझी," तोमोए म्हणाली.

त्सुकुदाबाईंनी मान हलवली आणि तोमोएचा पंख हातात घेतला. हातमोजा हिरवा झाला.

"हे काय?"

"तो पाण्याचा परिणाम—" मिझुहोने सुरुवात केली.

"डोळ्यांना लावायची पूड आहे," तोमोए म्हणाली. "रंग बॅगेत चिकटला. वर पूड लावली. चूक माझी आहे."

"रेक्झिनवर लॅकर?"

"हो."

"रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात तेल घातलेलं असतं. ते वर येत राहतं आणि रंगाला पुरतं वाळू देत नाही. टांगून ठेवलं तर कळतही नाही. दर उन्हाळ्यात कुणीतरी असे पंख घेऊन येतंच." त्यांनी पुन्हा शिवण पाहिली. "तुम्ही काम काय करता?"

"रेक्झिनची आसनं शिवते."

"आसनं कुणी रंगवत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

रंगमंच सांभाळणाऱ्या माणसाने जमिनीवर पांढरी चादर पसरली. मंचावर काही सांडलं तर मागून येणारे घसरतात, म्हणून सांडणारा वेश वर जात नाही. "अंगावर घ्या आणि एक गिरकी मारा," तो म्हणाला. तोमोएने गिरकी घेतली. चादरीवर हिरवं कडं उमटलं.

"हे नाही चालायचं."

"दोघींचं एकत्रच धरलं जातं," त्सुकुदाबाई म्हणाल्या. "माहीत आहे ना?"

"माहीत आहे." तोमोए चादरीकडे पाहत होती. कडं बाहेरच्या बाजूला दाट होतं, आतल्या बाजूला जवळजवळ कोरं. "सांडतंय ते खालच्या ओळींमधून. वरच्या धरून आहेत. कात्री मिळेल?"

"अहो, नको," मिझुहो पुढे आली. "खालच्या ओळी मी केल्यात. माझ्यामुळे सांडतंय. पुसून काढू या."

"पुसलं तर रंगही येईल हाताला."

"अख्खा जून तुम्ही त्या ओळींवर घातलात!"

"बाजूला हो, मिझुहो." तिने त्सुकुदाबाईंना विचारलं, "इथे बदल केलेला चालतो?"

"तपासणी संपेपर्यंत वेश तुमचा आहे. काय करायचं ते करा."

तोमोएने पंख मेजावर पसरला. खडूने रेघ मारली नाही. कात्री एका टोकाला लावली आणि दुसऱ्या टोकापर्यंत नेली. मग दुसरा पंख. रेक्झिनचे धागे सुटत नाहीत, कडा दुमडायची गरज नव्हती. घोट्यापर्यंतचा पंख गुडघ्याशी आला. कापलेल्या ओळी जमिनीवर पडल्या, त्यांना कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या गिरकीनंतर मंचवाला चादरीवर वाकला. बराच वेळ वाकून राहिला. "थोडं आहे," तो म्हणाला.

"थोडं म्हणजे किती?" त्सुकुदाबाईंनी हातमोजा त्याच्यासमोर धरला. "यापेक्षा कमीच आहे."

त्याने तोमोएच्या पायांकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं. "जा," तो म्हणाला.

संध्याकाळी नावं वाचली गेली: वेश बनवणाऱ्या, तोमोए इसोगाई आणि मिझुहो कुवाबारा. एका बहिणीचे पंख लांब, दुसरीचे आखूड. समोर दिव्यांमुळे तोमोएला एकही चेहरा दिसला नाही. टाळ्या किती पडल्या, ते तिला सांगता येत नाही. मिझुहो म्हणते, खूप. मागच्या रांगेत बसलेला नोरियुकी म्हणतो, बऱ्यापैकी. बक्षिसांत त्यांचं नाव नव्हतं. शिवणीला त्यांना त्या दिवशीचे सर्वांत जास्त गुण होते आणि रंगाला जवळजवळ सर्वांत कमी.

खाली जाताना जिन्यात दोघी तरुणींनी त्यांना अडवलं. एक मासा झाली होती, एक बहुधा दिवा. दोघींनी वाकून नमस्कार केला.

"इसोगाईसान तुम्हीच ना? आत्ता नाव ऐकलं. मागून एक फोटो घेऊ का?"

"घ्या."

"आणि ते पंख इतके ओले कसे दिसतात हो? आम्हाला पुढच्या वर्षी रेक्झिनवर अगदी असंच करायचंय."

मिझुहोला खोकला आला.

तोमोएने खांद्यावरची पकड सोडली, पंख उतरवला आणि त्यांच्यापुढे धरला. "आधी हात लावून बघा," ती म्हणाली. "नाही, तिथे नाही. वर, खांद्यापाशी. जोरात दाबा. रंग अजून चिकटतो की नाही?"