शालू नेसून दिलेली साक्ष

नातीने यंत्रमागांच्या उधन्याहून आणलेल्या कोऱ्या कापडाला खळीचा वास आला आणि मला कोर्ट आठवलं. यंत्रमाग आपल्याला शिव्या देतात असं वाटून धाकट्या भावाने कारखान्यात कापडाचे तागे पेटवले होते. गुन्हा सिद्ध झाला, शिक्षा ठरायची होती. गुजराती वकील म्हणाले, “बेन, त्याचा आजार साहेबांना सांगा, शिक्षा कमी होईल.” मी बया लग्नातला शालू नेसून, आरशासमोर तालीम करून गेले! त्याचं भिंतीशी बोलणं, रात्रभर जागणं, सगळं सांगितलं. शिक्षा निम्मी झाली, वर उपचारांचा हुकूम. मिरवत त्याच्याजवळ गेले, तर म्हणाला, “ताई, तू बी माले येडा म्हणनी ना?” सुटल्यावर तो गावी गेला, माझ्या दारी पुन्हा आला नाही. राखी अजून आणते आणि देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला बांधते. तो बिचारा हात मागे घेत नाही.