आईच्या माहेरचा गुत्तेदार

आमचं घर बांधणारा गुत्तेदार आईच्या माहेरच्या गावचा निघाला, आणि तिथेच आमचा घात झाला. आईला सख्खा भाऊ नव्हता. माहेरच्या गावचा बांगडीवाला जरी दारात आला, तरी ती त्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. हा तर चांगला पांढऱ्या धोतरातला, गोडबोल्या. पहिल्याच दिवशी चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, "आक्का, तू काळजी करू नको. माज्या बहिनीचं घर समजून बांदतो." आईने डोळ्यांना पदर लावला. वडिलांनी कागद करायचा विषय काढला, तर तीच त्यांच्यावर उखडली. "भावाकडनं कुनी लिहून घेतं व्हय?" झालं, कागद राहिला तो राहिलाच.

श्रीगोंद्याच्या बाजूला आमचं गाव. वडील साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर कारकून होते. लग्न झाल्यापासून आई दुसऱ्यांच्या खोल्यांत राहत आली होती. कुठे घरमालकिणीने चूल हलवायला लावली, कुठे मोरी वापरायला बंदी केली. कुणाला न विचारता भिंतीत खिळा ठोकता यावा, एवढंच तिचं मागणं होतं. त्या घरावर तिचा सगळा जीव होता.

आम्ही घर नेमकं बहात्तरच्या दुष्काळात बांधायला काढलं. भिंतींवर पाणी मारायचं काम आईने स्वतःकडे घेतलं. गावची विहीर आटलेली, प्यायलाच टँकरची वाट बघावी लागे. मग तोंड धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी आम्ही बादलीत साठवायचो आणि ती ते भिंतींवर शिंपायची. मी नववीत होते. केस धुवायला पाणी मागितलं की म्हणायची, "आदी भिंतीला पिऊ दे." मला त्या भिंतींचा मत्सर वाटायचा. आणि त्या भिंतींत सिमेंट नव्हतंच. दगडांच्या बाहेरच्या फटी तेवढ्या सिमेंटने नीटनेटक्या भरल्या होत्या, आत सगळी माती. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. वडिलांनी तालुक्याला खेटे घालून मिळवलेल्या गोण्या त्या भल्या माणसाने परस्पर विकल्या होत्या. आई इतके महिने मातीला पाणी पाजत होती.

आम्हाला हे कुठे माहीत होतं? आम्ही वास्तुशांत केली. वास्तुशांतीला माहेरचा आहेर लागतो, आणि आईच्या बाजूने तो आणायला कुणी नव्हतं. तेव्हा गुत्तेदार आला. हिरवं लुगडं घेऊन आला आणि चार बायकांसमोर आईच्या ओटीत घातलं. आईचा तसा चेहरा मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. मग रीतीप्रमाणे वडिलांनी त्याला पाटावर बसवून गुलाबी फेटा बांधला.

पुढच्या पावसाळ्यात मागची भिंत पोटातून फुगली आणि एका दुपारी बसली. आम्ही पुढच्या खोलीत होतो म्हणून वाचलो. वडील त्याच्याकडे गेले, तर तो म्हणाला, "तुमी पानीच न्हाई मारलं. भिंत धरंल कशी?" हे ऐकून आई पडलेले दगड गोळा करायला लागली. वडिलांनी मात्र तालुक्याच्या कोर्टात दावा लावला.

तारखांवर तारखा पडल्या. कोर्टाने भिंत बघायला माणूस पाठवला, आणि आत माती आहे असं त्याने लिहूनही दिलं. आम्हाला वाटलं, जिंकलो. पण गुत्तेदाराच्या वकिलाने वेगळीच टूम काढली. भिंती मातीतच बांधायच्या असं ठरलं होतं म्हणे, आणि सिमेंट फरशीत गेलं. तसं ठरलं नव्हतं हे सांगायला आमच्याकडे चिटोरंसुद्धा नव्हतं.

वडिलांची साक्ष झाली त्या दिवशी आई आणि मी मागच्या बाकावर होतो. वकिलाने विचारलं, "काम पुरं झाल्यावर तुम्ही माझ्या अशिलाला फेटा बांधलात ना?" आमच्या वकिलाने आदल्या दिवशी बजावलं होतं, आठवत नाही म्हणा. पण ते वडिलांना कुठलं जमायला!

"बांदला," ते म्हणाले. "पन गुत्तेदाराला न्हाई. मेव्हन्याला बांदला."

"सख्खा मेव्हणा?"

"न्हाई."

"चुलत? मावस?"

"न्हाई. मंडळीच्या गावचा."

"म्हणजे कुणीच नाही," वकील म्हणाला. कोर्टात लोक हसले. मालकाला काम पसंत होतं, म्हणूनच त्याने मान केला, असं वकिलाने जज्जसाहेबांना पटवून दिलं. गुत्तेदार खाली बघत बसला होता. ही माझी बहीण आहे, एवढं जरी तो त्या वेळी म्हणाला असता, तरी आईने तिथल्या तिथे दावा सोडायला लावला असता, मला खात्री आहे. तो म्हणाला नाही. मला त्या माणसाचा अजून संताप येतो, आणि तो भिंतीपेक्षा या गोष्टीचा जास्त आहे.

दावा फेटाळला गेला. वडिलांनी अपील केलं नाही. मागची भिंत आम्ही जमेल तशी विटांनी उभी केली. आई दिवसभर घरात वावरायची, सारवायची, आल्यागेल्याला आत बसवायची. दिवस मावळला की मात्र अंथरूण उचलून अंगणात. पाऊस असला तर ओसरीच्या अगदी कडेला. वडिलांनी समजावलं, चिडले, एकदा तर रडले. ती म्हणायची, "तुमी निजा आत. मला तितं झोप न्हाई लागत." शेवटपर्यंत हेच चाललं.

ती गेलीही अंगणातच, बाजेवर, सकाळच्या वेळी. माणूस गेलं की त्याला घरातून अंगणात आणतात, आईला आणावं लागलं नाही. वडील दारात उभे राहून म्हणत होते, तिला थोडा वेळ तरी आत घेऊ या, तिचं घर आहे. शेजारच्या म्हातारीने त्यांचा दंड धरला.

"न्हाई दादा," ती म्हणाली. "गेलेलं मानूस परत घरात नेत न्हाईत."