भास्करदादांचे ॲम्प्लिफायर

भास्करदादा गेल्याचं मला लोहाऱ्याच्या जीपमध्ये कळलं. शेजारी बसलेला दादांच्या गावचा, बेंबळीचा एक ओळखीचा माणूस सहज म्हणाला, "तुमचे ते ॲम्प्लिफायरवाले गेले की परवा." परवा... म्हणजे मातीही होऊन गेली होती. मला कुणी कळवलं नव्हतं. का, ते मला ठाऊक होतं.

आमच्या भीमगीतांच्या पार्टीत मी पंचवीस वर्षं गिटार वाजवतोय. पहिली गिटार आणली तेव्हा ती कशाला जोडायची हेही कळत नव्हतं. "हिला सवताचा गळा न्हाय, डबा लागतो," असं म्हणत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या दादांनी जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह काढून मला ॲम्प्लिफायर बांधून दिला. काचेचे ते दिवे तापेपर्यंत थांबावं लागे. मग उबदार, किंचित खरखरीत आवाज यायचा. व्हॉल्व्हवर ताकदीबाहेर भार टाकला की आवाज फाटतो, आधी त्याला दोष मानत, पुढं वादकांना तेच फाटणं आवडायला लागलं, हे सगळं मला दादांनी शिकवलं. मग ट्रान्झिस्टरचे डबे आले, हलके, चटकन सुरू होणारे. "ह्यो फाटला की पत्र्यावाणी वाजतो," दादा म्हणायचे. आणि आता तर बटण दाबलं की व्हॉल्व्हच्या फाटण्याची नक्कल करणारे डिजिटल डबे निघालेत.

तसला एक मी तीन वर्षांपूर्वी आणला. दादांनी तो मांडीवर घेऊन उलटसुलट पाहिला. "नक्कल चांगली हाय," एवढंच म्हणाले. मला ते झोंबलं. आयुष्यभर स्पीकरसमोर बसून दादांचे कान गेलेत, अशी पार्टीत कुजबुज होती. तेरखेड्याच्या कार्यक्रमाआधी, भर दुपारी, सगळे जमलेले असताना मी त्यांना मंडपाच्या पार दुसऱ्या टोकाला उभं केलं. गिटारीची वायर गुपचूप उपसली, नुसत्याच तारा छेडल्या आणि हातानंच विचारलं, कसा?

त्यांनी डोळे मिटले, मान डोलावली. "गोड हाय. जरा खर्ज वाढीव."

सगळे खदखदून हसले. डोळे उघडून आमच्या तोंडांकडं बघत तेही थोडं हसले. मग त्यांची नजर लोंबत्या वायरीवर गेली. सोल्डरिंगची पिशवी उचलून एसटीच्या दिशेनं चालायला लागले. मी मागून हाक मारली. ती ऐकू जाणार नाही, हे माहीत असूनच मारली.

हा किस्सा मी गावोगाव सांगितला. लोक पोट धरून हसायचे. हळूहळू दादांकडं दुरुस्तीला कुणी काही नेईना.

जीपमध्ये कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बेंबळीला दादांच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या नाहीत. आतल्या खोलीत भिंतीशी दादांचे लाकडी डबे रचलेले होते. प्रत्येकाची वरची कड कुरतडलेली.

"उंदीर झालेत का?" मी विचारलं.

"दात हायत त्यांचे. कान गेल्यापासनं डब्याची फळी दातात धरून ऐकायचे. डब्याला चिकटून समदं कळायचं... लांबनं कळत नव्हतं. ते तुमी केलं की समद्या गावाला म्हाईत."

असं म्हणून त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, मी निघायची वाट बघत.