गोधडीखालचा उजेड

कल्पना करा, भर दुपारी तुम्ही डोक्यावरून गोधडी घेऊन बसला आहात. एका हातात पाण्याची इवलीशी बाटली, दुसऱ्या हातात जांभळ्या उजेडाची बॅटरी. बाटलीत चिमूटभर भुकटी टाकायची, हलवायची, बघायचं. भुकटी निळी चमकली तर पाणी बिनघोर प्या. विझली तर पाण्यात फ्लोराईड जास्त. त्यानं पोरांचे दात डागाळतात, म्हाताऱ्यांचे गुडघे आखडतात.

अमरावतीच्या राजापेठेत शिकवण्या घेत नगमानं कॉलेजच्या प्रयोगशाळेत ही भुकटी घडवली होती. तिच्या कणाकणाला मोहोळासारखी छिद्रं. फ्लोराईड आत शिरलं की चमक जाते.

त्या दुष्काळी साली अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या एका गावात दोनच हातपंप चालू उरले होते, एक शाळेजवळ, एक पारापाशी. पोरांनी कुठलं पाणी प्यावं, हे ठरवायला नगमा आज तिथं आली होती. अंगणवाडीच्या मनकर्णाबाईंनी दोन्हींचं पाणी आधीच भरून ठेवलं होतं.

दोन्ही बाटल्या विझल्या.

"गोधडीत शिरून पानी तपासते. ताप तर नाई आला हिले?" बाहेरून मनकर्णाबाईंचे दीर डोमाजी म्हणाले.

नगमानं अमरावतीहून आणलेलं स्वतःचं पाणी तपासलं. ते लख्ख चमकलं. म्हणजे भुकटी ठीक होती.

"मावशी, पाणी कशात ठेवलं होतं?"

"तांब्याच्या गुंडांत. तूच फोनवर म्हनली, स्वच्छ भांडं घ्या. रात्री चिंच लावून घासले दोन्ही."

नगमानं आपलं चांगलं पाणी एका गुंडात ओतलं. चहा होईस्तोवर राहू दिलं. मग पुन्हा गोधडी. चमक पार मंदावली होती. चिंचेनं सुटलेलं तांबंही पाण्यात उतरून फ्लोराईडसारखीच चमक विझवत होतं.

ती प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन थेट पंपांवर गेली. पारावरचं पाणी विझलं. शाळेजवळचं असं चमकलं, की मनकर्णाबाईंनी डोमाजींनाच गोधडीत ओढलं.

"पाहा भाऊजी, आला का ताप?"

"आला वहिनी," डोमाजी आतल्या निळ्या उजेडातून म्हणाले, "पन निया."

पुढं सरकारी प्रयोगशाळेनंही तेच सांगितलं. पारावरच्या पंपाला डोमाजींनी स्वतः लाल रंग फासला. पोरं शाळेजवळच्या पंपावर ओंजळी धरू लागली आणि नगमा गावात आली की तिला कुणी चहाशिवाय सोडेना.

तिला मात्र एकच गोष्ट छळत होती. चमक गेली, एवढं भुकटी सांगते. पण फ्लोराईडनं नेली की तांब्यानं, हे तिच्याकडून कसं वदवून घ्यायचं?